चवड्यावरची गोणी उतरवा

पत्र असं आहे:

"ताई, नमस्कार. आम्ही कोपरखैरण्याला राहतो. माझे सासरे, आम्ही त्यांना मामा म्हणतो, एपीएमसीच्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये ३० वर्षं माथाडी होते. आता वय ६३. शुगर १४ वर्षांपासून आहे. उजव्या पायाच्या चवड्यावर, अंगठ्याच्या मुळाशी, जुनी भोवरी होती. पावसाळा सुरू होताना ती फुटली आणि जखम झाली. आज ९ आठवडे झाले, जखम रुपयाच्या नाण्याएवढी आहे. जवळच्या दवाखान्यात एक दिवसाआड ड्रेसिंग होतं, तीन वेळा अँटिबायोटिकचा कोर्स झाला. सुकल्यासारखी वाटते आणि पुन्हा ओली होते. तीन दिवसांपासून पट्टी सोडताना वास येतोय. एचबीएवनसी ९.४ आलं. मामा म्हणतात, दुखत तर नाही, मग कशाला एवढं? रोज सकाळी चालत मार्केटला जातात, टोळीतल्या माणसांबरोबर चहा पितात, चालत परत येतात. मी पट्टी बदलायला बसले की 'सुनेनं पायाला हात लावायचा नाही' म्हणून पाय आवळून घेतात. कुणी सांगतं बोट काढावं लागेल. चुलत सासरे म्हणतात, गावाकडे साताऱ्याला एक जण लेप लावतो, तिकडे न्या. मिस्टरांनी मेडिकलमधून एक महागडं जेल आणून ठेवलंय. कोणतं मलम लावू ते सांगा. आणि बोट खरंच काढावं लागतं का?"

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना 'वास येतोय' इथे थांबले. त्यामुळे मलमाचं नंतर बोलू, आधी आज काय करायचं ते बघा.

आज चांगल्या उजेडात पट्टी सोडा. जखमेच्या भोवती कातडी लाल किंवा जांभळट झाली आहे का, पाय सुजलाय का, दाबल्यावर पू येतो का, हे पाहा. सावळ्या पायावर लाली चटकन कळत नाही, म्हणून हाताच्या पालथ्या बाजूने दोन्ही पाय चाचपा. उजवा जास्त गरम लागला तर तो लालीच समजा. लाली दिसत असेल तर तिच्या कडेने बॉलपेनने रेघ ओढा आणि शेजारी वेळ लिहा. काही तासांनी लाली रेघेच्या बाहेर गेली असेल, किंवा आत्ताच ती जखमेच्या कडेपासून दोन सेंटिमीटरच्या पलीकडे असेल, बोट काळपट दिसत असेल, थंडी वाजून ताप आला असेल, शुगर एकाएकी ३००च्या वर गेली असेल, तर यातलं एकच जरी असलं तरी घरात रात्र काढू नका. ओपीडीच्या वाराची वाट न बघता सरळ मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत न्या. आणि ताप नाही म्हणून निश्चिंत होऊ नका. जुन्या शुगरच्या माणसाच्या पायात पू साठलेला असतो आणि थर्मामीटर ९८ दाखवतो, हे मी कितीतरी वेळा पाहिलंय.

यातलं काहीच दिसलं नाही, तरी वास आला आहे. म्हणजे उद्या, फार तर परवा, सर्जनला पाय दाखवायचाच. जवळच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मनापासून केलं असेल, पण ९ आठवडे झालेली जखम आता त्यांच्या टेबलाची राहिलेली नाही.

मी डॉक्टर नाही. ठाण्यात एका हॉस्पिटलच्या ड्रेसिंग रूममध्ये मी २७ वर्षं सिस्टर होते, आणि त्यातली निम्मी वर्षं शुगरच्या पायांवर गेली. त्यामुळे पाय न बघता औषधाचं नाव मी लिहिणार नाही. पण या जखमा का भरत नाहीत, आणि घरच्यांनी काय केलं की भरतात, हे मला पक्कं माहीत आहे.

मामा म्हणतात ना, दुखत नाही? सगळं तिथेच आहे. रुपयाएवढी जखम घेऊन माणूस रोज मार्केटपर्यंत चालत जातो आणि येतो, याचा अर्थ त्या पायाच्या नसा बधिर झाल्या आहेत. तुमच्या-माझ्या पायात साधा खडा गेला तरी आपण लंगडतो, पाय तिरका टाकतो, थांबून चप्पल झटकतो. दुखणं आपल्याला ते करायला लावतं. मामांचा पाय त्यांना काहीच सांगत नाही. म्हणून ते प्रत्येक पाऊल त्याच जागी टाकतात, अंगाचं सगळं वजन त्या नाण्याएवढ्या जागेवर येतं आणि दिवसभरात जे इवलंसं मांस भरलेलं असतं ते पुन्हा चिरडलं जातं. दवाखान्यात ड्रेसिंग होतं एक दिवसाआड, आणि जखम चिरडली जाते रोज हजारो वेळा.

हे मामांना त्यांच्याच भाषेत सांगता येईल. गोण्या वाहून त्यांच्या खांद्यावर, मानेवर घट्टे पडले असतील. खांदा सोलवटला असताना कुठला माथाडी त्याच खांद्यावर गोणी घेतो? तो खांदा बदलतो, नाहीतर दोन दिवस खाडा करतो. चवड्यावरची भोवरी हा तसलाच घट्टा. तो वाढत गेला, आतल्या बाजूला खड्यासारखा टोचत राहिला, त्याच्याखाली रक्त साकळलं आणि एक दिवस तो फुटला. पाठीवरची गोणी निवृत्तीबरोबर उतरली, पण या जागेवरची अजून उतरलेली नाही.

हे ज्यांनी नीट ओळखून दाखवलं त्यांचं काम आपल्याच देशात झालं. पॉल ब्रँड नावाचे सर्जन होते. त्यांचा जन्म १९१४ साली तमिळनाडूतल्या कोल्ली डोंगरांत झाला. पुढे विलायतेत शिकून १९४६ मध्ये ते वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. कुष्ठरोग्यांची बोटं रोगानेच झडतात असा तेव्हा समज होता. ब्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की रोगाने नसा मरतात, आणि पुढचं नुकसान न जाणवलेल्या चटक्यांनी, ठेचांनी, दाबाने होतं. तळव्यावर वर्षानुवर्षं न भरलेली जखम प्लास्टरमध्ये बंद केली की भरायची, आणि प्लास्टर काढून माणूस पूर्वीसारखा चालू लागला की पुन्हा उघडायची. १९६६ मध्ये ते अमेरिकेत लुइझियानामधल्या कारव्हिलच्या कुष्ठरुग्णालयात गेले, आणि तिथून हीच रीत मधुमेहाच्या पायांसाठी पसरली. आजही तळव्यावरच्या अशा जखमेसाठी पहिली पसंती असते ती गुडघ्यापर्यंतच्या, पेशंटला स्वतःला काढता न येणाऱ्या प्लास्टरला किंवा तशाच बुटाला. त्यात वजन सगळ्या तळव्यावर आणि पोटरीवर वाटलं जातं.

'काढता न येणाऱ्या' हे मुद्दाम म्हणते. २००३ साली अमेरिकेत एक अभ्यास झाला. पेशंटांना काढता येणारे बूट दिले आणि गुपचूप पावलं मोजली. दिवसभरातल्या जेमतेम २८ टक्के पावलांना तो बूट पायात होता. बाहेर जाताना घालायचा आणि घरी आलं की काढून ठेवायचा, असं चालायचं. ही माणसं बेपर्वा नव्हती. जे दुखत नाही त्याची आठवण राहत नाही, एवढंच.

मामांना असं प्लास्टर चालेल की नाही हे मात्र सर्जनच ठरवतील, कारण जंतुसंसर्ग असताना किंवा पायाला रक्त कमी पोचत असताना ते सरसकट घालत नाहीत. आधी संसर्ग आटोक्यात आणतात. प्लास्टर नाही जमलं तर जखमेभोवती फेल्ट, म्हणजे जाड नमद्यासारखं कापड, चिकटवून मधली जागा मोकळी ठेवतात, किंवा टाचेवर चालायचा अर्धा बूट देतात. काहीही दिलं तरी दुसऱ्या पायात तितक्याच उंचीची जाड तळाची चप्पल घाला, नाहीतर एक पाय उंच होऊन मामा तोल जाऊन पडतील.

घरातलं वजनही मोजा. इंडियन संडासात बसताना-उठताना चवड्यांवर जोर येतो. त्यावर ठेवायची कमोडची खुर्ची मिळते, ती आजच आणा. अंघोळ स्टुलावर बसून, पायाला प्लॅस्टिकची पिशवी घट्ट बांधून. मांडी घालून जेवायला बसायची सवय असेल तर तीही काही महिने बंद, कारण त्यात घोट्याच्या बाहेरच्या हाडावर दाब येतो आणि बधिर पायाला तिथे दुसरी जखम होते. तुमचं घर वर-खाली असेल तर मामांचं अंथरूण खाली आणा.

आता रक्ताचं. बोट काढायचं की नाही, हा प्रश्न या तपासणीशिवाय कुणी सोडवू नये. पायाच्या वरच्या बाजूला आणि आतल्या घोट्याच्या मागे नाडी लागते. सर्जन ती बघतील. मग घोट्याचं आणि दंडाचं बीपी मोजून त्यांचं प्रमाण काढतात, त्याला एबीआय म्हणतात. ते ०.९ पेक्षा कमी आलं तर रक्तवाहिनी अरुंद झालेली असते. पण शुगरच्या माणसांत एक फसगत होते. रक्तवाहिन्यांच्या भिंतीत चुना साचून त्या कडक होतात आणि आकडा १.३ च्या वर, म्हणजे वरवर छान दिसतो. अशा वेळी पायाच्या बोटातला रक्ताचा दाब मोजावा लागतो किंवा कलर डॉपलर, म्हणजे रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी, करावी लागते. रक्त खरंच कमी असेल तर आधी अँजिओप्लास्टी करून वाट मोकळी करायची, मग कापाकापी. उलट केलं तर बोट कापलेली जागाही भरत नाही, मग चवडा जातो, मग पाय. पायात पू साठून अंगात विष पसरत असेल तर मात्र ही चर्चा करायला वेळ नसतो, तेव्हा सर्जन म्हणतील ते लगेच करू द्या. एरवी कुणी 'बोट काढू' म्हणालं तर न घाबरता, आदराने एकच विचारा: "डॉक्टर, रक्तपुरवठ्याची तपासणी झाली का?"

मामा तंबाखू मळतात का, ते तुम्ही लिहिलं नाही. मार्केटमध्ये उमेदीची वर्षं गेलेल्या माणसाबद्दल मी अंदाज बांधते आहे, चूक असेल तर आनंदच आहे. विडी असो की मळलेली तंबाखू, दोन्हींतल्या निकोटिनने पायाच्या रक्तवाहिन्या आवळतात. जखम भरेपर्यंत तरी ती बंद, असं सर्जनच्या तोंडून वदवून घ्या, कारण घरच्यांचं याबाबतीत कुणी ऐकत नाही.

तिसरी गोष्ट हाडाची. चवड्यावर मांस थोडंच असतं, खाली लगेच हाड. ९ आठवड्यांची ओली जखम हाडापर्यंत गेलेली असू शकते. सर्जन बोथट सळईने जखमेच्या तळाला स्पर्श करून बघतील, टणक लागलं तर शंका घेतात. एक्स-रे काढतील. पण सुरुवातीचे दोन-तीन आठवडे हाडातला संसर्ग एक्स-रेत दिसतच नाही, त्यामुळे 'नॉर्मल' रिपोर्ट हातात घेऊन विषय मिटवू नका. तो पुन्हा काढायला सांगू शकतात किंवा एमआरआय. हाडात संसर्ग निघाला आणि हाड काढलं नाही तर अँटिबायोटिक साधारण ६ आठवडे द्यावं लागतं. तीन वेळा थोड्या-थोड्या दिवसांचे कोर्स झाले आणि जखम हलली नाही, याचं कारण इथे सापडू शकतं. यापुढे कुठलंही अँटिबायोटिक सुरू होण्याआधी जखम साफ करून तिच्या तळाच्या मांसाचा तुकडा कल्चरला, म्हणजे कोणते जंतू आहेत ते तपासायला, पाठवतील का, हे विचारा. वरवर बोळा फिरवून घेतलेल्या नमुन्यात कातडीवरचेच जंतू येतात.

ड्रेसिंग रूममधली एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, म्हणजे तिथे घाबरायला होणार नाही. सर्जन जखमेच्या कडेची जाड, पांढरट भोवरी आणि आतलं मेलेलं मांस ब्लेडने काढतील. मामांना बहुधा काही जाणवणार नाही. पण काम झाल्यावर जखम आधीपेक्षा मोठी दिसेल, थोडं रक्त येईल. दर वेळी कुणी ना कुणी नातेवाईक ओरडायचे, "अहो सिस्टर, बरी करायला आणली होती, वाढवून ठेवली!" वाढलेली नसते, होती तेवढी उघडी पडलेली असते. लालबुंद, किंचित रक्त येणारा तळ दिसला की आम्हाला बरं वाटायचं, कारण भरायला सुरुवात तिथूनच होते. हे दर एक-दोन आठवड्यांनी पुन्हा करावं लागतं.

आणि आता तुमचं मलम. तुम्ही ज्याच्यासाठी पत्र लिहिलंत त्यावर मी सगळ्यात कमी लिहिते आहे, पण त्याचं महत्त्वही तेवढंच आहे. सलाईनने धुवा, नाहीतर उकळून गार केलेल्या पाण्याने. त्यावर ओलावा धरून ठेवणारी पण पाणी साचू न देणारी, तळाला न चिकटणारी पट्टी सर्जन सांगतील ती. हायड्रोजन पेरॉक्साइड, डेटॉल, रोजचं कडक आयोडीन यांनी जंतूंबरोबर नवं मांसही जळतं. हळद, चुना, राख, खोबरेल काही नको. गरम पाण्यात पाय बुडवून बसणं तर मुळीच नको. मिस्टरांनी आणलेलं जेल कपाटात राहू द्या आणि सर्जनला दाखवा. काही जेल, निर्वाताची पट्टी, रक्तातल्या पेशींचे उपचार यांचा ठरावीक पायांना उपयोग होतो, पण ते सगळं वजन, रक्त आणि संसर्ग सांभाळल्यानंतरचं. त्याआधी त्यावर खर्च केलेला पैसा मामा रोज सकाळी मार्केटच्या रस्त्यावर तुडवून येतील.

साताऱ्याच्या लेपाबद्दल चुलत सासऱ्यांशी भांडू नका. त्यांना भावाची काळजी आहे. त्यांना एवढंच समजावा की लेप सुकून कडक होतो, वरून जखम बंद दिसते आणि पू बाहेर यायची वाट बुजते, मग तो तळव्यातून आत आत सरकतो. त्यांना इकडेच बोलवा, हॉस्पिटलला बरोबर न्या. भावाच्या बरोबर भाऊ बसलेला असला की मामाही गप्प बसून तपासून घेतील.

एचबीएवनसी, म्हणजे साधारण तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी, ९.४ आहे, ती खाली यायला हवी. डॉक्टर कदाचित काही महिने इन्सुलिन सांगतील. 'एकदा सुरू झालं की सुटत नाही' या भीतीने माणसं नाही म्हणतात. संसर्ग असताना इन्सुलिन लागणं आणि जखम भरल्यावर पुन्हा गोळ्यांवर येणं हे मी अनेकदा पाहिलंय. आणि मामांना पेजेवर ठेवू नका. जखम भरायला प्रथिनं लागतात. अंडी, मासे, चिकन, डाळी, उसळी घाला जेवणात. आधी क्रिएटिनिन तपासून घ्या, किडनी अधू असेल तर किती खायचं ते डॉक्टर सांगतील.

आता मामांचं पाय आवळून घेणं. ते मला फार जवळचं वाटलं. माझ्यापुढे असे कितीतरी मामा, आबा, अण्णा बसले. आयुष्यभर दुसऱ्याचं ओझं उचललेल्या माणसाला आपलं ओझं कुणी उचललेलं चालत नाही, आणि सुनेपुढे वास येणारा पाय धरायला त्यांना मेल्याहून मेल्यासारखं होतं. तुम्ही हट्ट धरू नका. पट्टी मिस्टरांनी करावी, कामावर जायच्या आधी, १५ मिनिटं. तुम्ही हातमोजे घालून सामान द्यायचं. आठवड्याभरात मामांना सवय होईल, आणि एखाद्या दिवशी मिस्टर नसले तर ते आपणहून पाय पुढे करतील.

आणि मार्केटचा चहा बंद करा म्हणून सांगू नका, तो घरी आणा. त्यांच्या टोळीतल्या जुन्या दोघा-तिघांना मिस्टरांनी जाऊन भेटावं, मुकादमांनाही. त्यांना सांगावं की दोन-तीन महिने मामांचा खाडा आहे, चहा आमच्याकडे. मुकादम म्हणाला 'पायावर उभा राहू नको' तर मामा ऐकतील, तुम्ही दहादा म्हणालात तरी ऐकणार नाहीत. दर सकाळी नाही जमलं तरी आठवड्यातून दोनदा कुणी आलं, तर माणूस घरात कोंडल्यासारखा होणार नाही. या जखमा घरात एकट्या पडलेल्या माणसाला आतून खातात, आणि मग तो कंटाळून एक दिवस चपला घालून निघतो.

मी हे सगळं शहाणपण सांगते आहे, पण माझ्या आईच्या वेळी माझ्याकडून राहून गेलं होतं. ती कळव्याला राहायची, शुगर जुनी. डिसेंबरात पाय गार पडतात म्हणून तिने गरम पाण्याची रबराची पिशवी पायाशी घेतली आणि झोपली. सकाळी दोन बोटांवर फोड. तिला काही जाणवलं नाही, म्हणून तिने चार दिवस मला सांगितलं नाही. दिवसभर मी लोकांचे पाय हातात घ्यायचे, आणि आईचे पाय मी कित्येक महिन्यांत पाहिले नव्हते. तिची ती दोन बोटं काढावी लागली. त्यानंतर ती ११ वर्षं चालली, जिने चढली, माझ्या मुलीच्या लग्नात मांडवभर फिरली. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं माझ्याकडचं उत्तर हेच आहे. बोट प्रत्येक वेळी काढावं लागत नाही, बऱ्याचदा वाचतं. आणि तपासणी पूर्ण करून, रक्ताची वाट मोकळी करून ते काढायची वेळ आलीच, तर ते पाय वाचवण्यासाठी असतं.

कुठे न्यायचं? तुम्हाला जवळ वाशीचं महापालिकेचं हॉस्पिटल आहे, नेरूळला डी. वाय. पाटील आहे, ट्रान्स-हार्बर लोकलने ठाण्याच्या बाजूला आलात तर कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज हॉस्पिटल. सर्जरीच्या ओपीडीत 'डायबेटिक फूट' म्हणून सांगा आणि रक्तवाहिन्यांचे सर्जन कोणत्या वारी असतात ते विचारा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्राचं टेबल असतं. ॲडमिशनच्या आधी रेशन कार्ड, आधार घेऊन तिथे जा आणि मामांचं ऑपरेशन त्यात बसतं का ते लेखी विचारून घ्या. माथाडी मंडळाकडून निवृत्त कामगारांना काही मदत मिळते का, हे मुकादमाला विचारायला विसरू नका.

जाताना जुने रिपोर्ट, तिन्ही अँटिबायोटिकच्या रिकाम्या स्ट्रिप्स आणि मामा रोज घालतात ती चप्पल, तिन्ही पिशवीत टाका. चप्पल मुद्दाम सांगते. आतला तळ कुठे झिजलाय, कुठे खड्डा पडलाय, ते बघून सर्जनला कळतं वजन कुठे पडतंय. रबराची पातळ स्लीपर असेल तर ती पुन्हा पायात जायला नको. जखम भरल्यावर मामांना एमसीआरच्या, म्हणजे मऊ स्पंजासारख्या रबराच्या, तळाची, मागे पट्टा असलेली चप्पल कायमची लागेल, घरातसुद्धा. भरलेल्या जखमांपैकी १०० मधल्या साधारण ४० वर्षभरात पुन्हा उघडतात, म्हणून जुनी चप्पल परत पायात येऊ देऊ नका.

डावा पायही रोज बघा. खाली आरसा ठेवला तर मामा स्वतः बघू शकतील. सध्या पाऊस आहे, बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या असतील तर अंघोळीनंतर त्या जागा कोरड्या करा आणि बेचक्यात तेल-मलम लावू नका. टाचांना भेगा असतील तर तिथे मात्र लावा. घरात उंदीर येत असतील तर त्यांचा बंदोबस्त करा. बधिर बोटं रात्री उंदरांनी कुरतडलेली आणि माणसाला जाग न आलेली, असे पाय आमच्या टेबलावर आले आहेत.

आजपासून एक वही करा. दर रविवारी जखमेशेजारी मोजपट्टी धरून फोटो काढा, लांबी आणि रुंदी सेंटिमीटरमध्ये लिहा आणि त्यांचा गुणाकार करा. आज २ गुणिले २, म्हणजे ४ असेल असं धरू. नीट चाललं असेल तर ४ आठवड्यांनी तो आकडा २ च्या आत यायला हवा. तसं नाही झालं तर चाललेला उपचार तसाच पुढे ओढू नका, सर्जनला वही दाखवा आणि वजन, रक्त, हाड यांतलं काय राहिलं ते पुन्हा तपासायला सांगा.

वास आणि लालीचं उद्या काय झालं ते मला लगेच कळवा. चार रविवार झाले की वहीतले आकडे पाठवा, आणि डाव्या पायाचा एक फोटो.